बेळगाव-खानापूरच्या पावसाळ्यासाठी कपड्यांचा ड्रायर: रचना पारखून निवड आणि वापर कसा करावा

खानापूर तालुक्याच्या पश्चिमेकडील जांबोटी, कणकुंबी आणि घाटमाथ्यालगतच्या गावांत मृगात सुरू झालेला पाऊस गणपतीपर्यंत क्वचितच उसंत देतो. बेळगाव शहरात पावसाचे प्रमाण तुलनेने कमी असले, तरी आषाढ-श्रावणातील सततची झड, ढगाळ आकाश आणि गार वारा यांमुळे पडवीतल्या दोरीवर टाकलेले जाड सुती कपडे दोन-दोन दिवस ओलसर राहतात आणि त्यांना कुबट वास येऊ लागतो. अशा वेळी विजेवरचा ड्रायर घ्यावा असे अनेक कुटुंबांच्या मनात येते. मात्र दुकानात गेल्यावर किती किलोचा आणि किती वॅटचा एवढ्या दोनच प्रश्नांवर खरेदी उरकली जाते. कपडे किती वेळात, किती विजेत आणि कितपत सुरक्षितपणे वाळतील, हे या दोन आकड्यांवरून फारसे कळत नाही. ते ठरते यंत्रात हवा कोणत्या वाटेने फिरते, कपडे कसे खाली-वर होतात आणि निघालेला ओलावा शेवटी कुठे जातो यांवर. या लेखात त्याच क्रमाने काय पाहावे आणि काय करावे ते सांगितले आहे.

आधी पिळणी, मग ड्रायर

पाण्याची वाफ करणे हे फार खर्चिक काम आहे. एक लिटर पाण्याची वाफ करायला सुमारे 2,400 किलोज्यूल, म्हणजे सुमारे दोन तृतीयांश युनिट वीज लागते. साध्या हीटरच्या ड्रायरमध्ये वाया जाणारी उष्णता धरली तर हा हिशेब लिटरमागे एक युनिटाच्या आसपास जातो. हेच पाणी धुलाई यंत्राने वेगाने फिरवून पिळून काढले, तर त्याला या विजेचा अगदी लहानसा अंश पुरतो. त्यामुळे ड्रायरचा विचार करण्यापूर्वी आपल्या धुलाई यंत्राची पिळणी पाहावी.

मिनिटाला 800 फेऱ्यांनी पिळलेल्या सुती कपड्यांत त्यांच्या कोरड्या वजनाच्या साधारण 70 टक्के पाणी शिल्लक राहते, तर 1,400 फेऱ्यांना ते 50 टक्क्यांच्या जवळ येते. पाच किलो कपड्यांमागे हा फरक एक लिटर पाण्याचा, म्हणजेच एक युनिट विजेचा आणि दोन हजार वॅटच्या हीटरला लागणाऱ्या अर्ध्या तासाचा झाला. यंत्राच्या पिळणीचा वेग बदलता येत असेल, तर पावसाळ्यात चादरी, टॉवेल आणि जीन्स सर्वांत वरच्या वेगावर पिळाव्यात. सेमी-ऑटोमॅटिक यंत्राच्या शेजारच्या ज्या लहान टाकीला आपल्याकडे ड्रायर म्हटले जाते, तिच्यात हीटर नसतो. ती फक्त पिळते, पण वेग चांगला असल्यामुळे ते काम उत्तम करते. तिच्यात कपडे थोडे थोडे आणि सगळीकडून सारखे दाबून भरावेत. ज्या घरात अडचण फक्त जुलै-ऑगस्टची आहे, तिथे उत्तम पिळणी, छताचा पंखा आणि दोरीवर कपड्यांमध्ये वीतभर अंतर एवढ्यावर भागू शकते, आणि तसे भागत असेल तर नवे यंत्र घेण्याची घाई करू नये.

ओलावा कुठे सोडायचा

ड्रायरचे मुख्य प्रकार तीन आहेत आणि त्यांतील फरक या एकाच प्रश्नाच्या उत्तरात आहे.

पहिला प्रकार हवा बाहेर सोडणारा. तो खोलीतील हवा ओढतो, हीटरवरून तापवतो, फिरत्या ड्रममधील कपड्यांमधून नेतो आणि बाष्पाने भरलेली ती हवा सुमारे चार इंची नळीतून बाहेर टाकतो. बाहेर इतकी दमट हवा असताना ती आत घेऊन कपडे कसे वाळतील, अशी शंका आपल्या भागात हमखास विचारली जाते. तिचे उत्तर आकड्यांतच आहे. श्रावणातील 24 अंशांची, 95 टक्के सापेक्ष आर्द्रता असलेली हवा 60 अंशांपर्यंत तापवली की तिची सापेक्ष आर्द्रता 14 टक्क्यांच्या आसपास येते, कारण गरम हवेची बाष्प सामावून घेण्याची क्षमता कित्येक पटींनी वाढते. एप्रिलच्या दुपारी बाहेरची हवा 36 अंशांची आणि कोरडी असते, तेव्हा हाच आकडा सात-आठ टक्के येईल. म्हणजे पावसाळ्यात हा ड्रायर थोडा मंदावतो, पण निकामी होत नाही. कारवारसारख्या किनारी भागातही स्थिती फारशी वेगळी नसते.

तो निकामी होतो तो नळीमुळे. नळी खिडकीबाहेर काढण्याचा कंटाळा करून ड्रायर बंद न्हाणीघरात चालवला, तर बाहेर टाकलेली वाफ पुन्हा आत ओढली जाते, भिंतींना पाणी सुटते आणि वाळण्याचा वेळ वाढतच जातो. हे यंत्र तासाला शंभर घनमीटर किंवा त्याहून अधिक हवा बाहेर फेकते. तेवढीच हवा खोलीत यावी म्हणून दार किंवा दुसरी खिडकी थोडी उघडी ठेवावी लागते. या ठिकाणी एक धोका स्पष्टपणे सांगायला हवा. आपल्याकडे पुष्कळ घरांत न्हाणीघरातच गॅस गीझर असतो. हवा बाहेर टाकणारा ड्रायर आणि गॅस गीझर एकाच बंद जागेत चालू असतील, तर खोलीतील दाब कमी होऊन गीझरचा विषारी धूर आत ओढला जाऊ शकतो. ही दोन यंत्रे एका खोलीत बसवू नयेत.

दुसरा प्रकार कंडेन्सर ड्रायरचा. यात कपड्यांमधून गेलेली दमट हवा बाहेर न टाकता यंत्रातच थंड केली जाते, बाष्पाचे पाणी होऊन टाकीत साठते किंवा सांडपाण्याच्या नळीतून जाते, आणि तीच हवा पुन्हा तापवून फिरवली जाते. नळीसाठी भिंत फोडावी लागत नाही, ही मोठी सोय आहे. थंड करण्यासाठी मात्र खोलीची हवा वापरली जात असल्यामुळे सगळी उष्णता खोलीत उतरते. बेळगावच्या जुलैतील गार खोलीत हे चांगले चालते आणि खोली उबदार झाल्याचा फायदाही होतो. अथणी-रायबागकडील एप्रिलच्या उन्हाळ्यात ते रखडेल, पण तिथे तेव्हा ड्रायर लावण्याची वेळ कोणावर येते? अंगणातली दोरी तासाभरात काम करते.

तिसरा प्रकार हीट पंपाचा. फ्रिजमध्ये असतो तसा कॉम्प्रेसर येथे दोन्ही कामे करतो: थंड बाजूवर हवेतील बाष्पाचे पाणी करतो आणि त्यातून मिळालेली उष्णता गरम बाजूवर त्याच हवेला परत देतो. वाफेत गेलेली उष्णता अशी पुन्हा वापरात येत असल्यामुळे वीज साध्या कंडेन्सरच्या जवळजवळ निम्मी लागते. हवा 50 ते 60 अंशांपलीकडे सहसा तापत नाही, म्हणून कपडे कमी विरतात आणि कमी आटतात. किंमत जास्त आणि वेळही जास्त, ही त्याची दुसरी बाजू. सात किलो सुती कपड्यांना साधा कंडेन्सर ड्रायर साधारण चार युनिटे खात असेल, तर हीट पंप दोनच्या आसपास राहतो.

कर्नाटकातील घरांना या फरकाचा आणखी एक अर्थ आहे. गृहज्योती योजनेत वीज माफी आधीच्या वापराच्या सरासरीवर ठरते आणि महिन्याला 200 युनिटांची मर्यादा ओलांडली, तर पूर्ण बिल भरावे लागते. पावसाळ्यात एका आड एक दिवस ड्रायर लावला, तर महिन्याला पंधरा वेळा होतात: साध्या प्रकारात सुमारे 60 युनिटे, हीट पंपात 30. ज्यांचा वापर आधीच दीडशेच्या घरात आहे, त्यांच्यासाठी एका प्रकाराने मर्यादा ओलांडली जाईल आणि दुसऱ्याने कदाचित जाणार नाही. म्हणून दुकानात जाण्यापूर्वी हेस्कॉमची गेल्या पावसाळ्यातील बिले काढून पाहावीत. माझे मत विचाराल तर बेळगाव शहर, खानापूर, हल्याळ या पट्ट्यात चार महिने नियमित वापर होणार असेल, तर हीट पंपाला दिलेले जादा पैसे वाया जात नाहीत. निपाणी-चिकोडीकडे, जिथे आठवड्यातून दोनदा लावावा लागेल, तिथे साधा कंडेन्सर पुरेसा आहे.

धुलाई आणि वाळवणी एकाच ड्रममध्ये करणारी यंत्रे जागा वाचवतात, पण त्यांची मर्यादा रचनेतच आहे, ती पुढे येईल.

ड्रमचा आकार, वेग आणि दिशा

कपडे वाळवण्यासाठी ते हवेत मोकळे पडायला हवेत. ड्रमच्या आतील उंचवटे कपडे वर उचलतात, आणि ते खाली पडत असताना गरम हवा त्यांच्यामधून जाते. ड्रम फार हळू फिरला तर कपडे तळाशी लोळत राहतात. फार जोरात फिरला तर पिळणीसारखे कडेला चिकटून बसतात आणि पडतच नाहीत. सुमारे 58 सेंटिमीटर व्यासाच्या ड्रमला ही चिकटण्याची सीमा मिनिटाला 55 फेऱ्यांच्या जवळ येते, म्हणून बहुतेक ड्रायर 50 च्या आसपास फिरतात. मोठ्या व्यासाच्या ड्रममध्ये कपडे अधिक उंचीवरून पडतात आणि हवेत अधिक वेळ राहतात.

मोकळ्या पडण्याला जागा लागते, हाच एकत्रित यंत्रांचा अडथळा. सात किलोच्या धुलाई यंत्राचा ड्रम साधारण 50 ते 55 लिटरचा असतो, तर सात किलोच्या स्वतंत्र ड्रायरचा त्याच्या जवळजवळ दुप्पट. म्हणून आठ किलो धुणाऱ्या एकत्रित यंत्रावर वाळवण्याची क्षमता पाच किलोच लिहिलेली असते. ते वाचून न पाहता सगळे धुतलेले कपडे तसेच वाळवायला ठेवले, की बाहेरचे गरम आणि मधले ओले असे निघतात. या यंत्रांपैकी अनेकांत बाष्प थंड करण्यासाठी नळाचे पाणी वापरले जाते. पाणी एक दिवसाआड किंवा त्याहून उशिरा येणाऱ्या भागात ही बाब विक्रेत्याला मुद्दाम विचारून घ्यावी.

ड्रम दोन्ही दिशांनी फिरतो का, हा प्रश्न आपल्या घरांत विशेष महत्त्वाचा आहे, कारण आपल्याकडे लांब कपडे पुष्कळ असतात. नऊवारी लुगडे आठ मीटरहून थोडे अधिक लांब असते. ते एकाच दिशेने फिरत राहिले तर दोरासारखे पिळले जाते, त्याच्या पोटात इतर लहान कपडे अडकतात, आणि तासाभराने बाहेरचा पदर कडक कोरडा तर आतली घडी ओली निघते. चादर, पलंगपोस आणि धोतर यांचेही तसेच. दिशा बदलणारा ड्रम हा गुंता सोडवतो. मात्र येथेही रचनेतील एक बारकावा आहे. काही यंत्रांत एकच मोटर ड्रम आणि पंखा दोन्ही फिरवते. ती उलटी फिरली की पंख्याचा जोर घटतो, म्हणून अशी यंत्रे उलट दिशेला अगदी थोडाच वेळ फिरतात. ड्रम आणि पंखा यांना स्वतंत्र मोटर असलेल्या यंत्रात हवा न मंदावता दिशा हवी तितकी बदलता येते. माहितीपत्रकात हे नसेल तर विचारावे, आणि यंत्र एकाच दिशेचे असेल तर लांब कपडा अर्ध्या वेळाने थांबवून, झटकून, पुन्हा सैल टाकावा.

शहापूर-वडगावच्या मागांवरील जरीच्या साड्या, रेशमी काठाची इरकली लुगडी, लोकरीचे कपडे आणि घोंगडी ड्रायरमध्ये घालू नयेत. वाकळीचेही तेच: वरचे थर वाळतात, मधले ओलेच राहतात आणि ओल्या वाकळीचे वजन ड्रमच्या बेअरिंगवर येते.

कारवारच्या बाजूला किंवा खारट वाऱ्याच्या कोणत्याही गावी ड्रम स्टेनलेस स्टीलचा आहे याची खात्री करावी.

आतील हवेची वाट मोकळी ठेवणे

नव्या यंत्राचा आणि तीन वर्षे वापरलेल्या यंत्राचा वेळ वेगळा येतो, त्याचे कारण बहुतेक वेळा हीटर नसतो. कपड्यांतून निघणारे सूक्ष्म तंतू फिल्टरवर साचतात, हवा कमी वाहते, हीटरभोवतीची हवा जास्त तापते आणि सुरक्षा थर्मोस्टॅट हीटर वारंवार बंद करू लागतो. यंत्र गरम लागते, पण कपडे वाळत नाहीत. प्रत्येक वेळी कपडे काढल्यावर फिल्टर काढून तंतू बोटाने पुसून घ्यावेत. कपडे मऊ करणारे द्रव वापरणाऱ्या घरांत फिल्टरच्या जाळीवर न दिसणारा मेणचट थर चढतो. जाळीवर पाणी ओतले आणि ते खाली न गळता वर साचून राहिले, तर साबण आणि मऊ ब्रशने जाळी धुऊन, पूर्ण वाळवून मगच बसवावी.

कंडेन्सर प्रकारात थंड करणारा भाग काढता येत असेल, तर तोही महिन्यातून एकदा नळाखाली धुवावा. हीट पंपात तो भाग सहसा आतच बसवलेला असतो आणि त्याची नाजूक पाती वाकली तर हवा कायमची अडते, म्हणून तिथे टोकदार वस्तू घालू नये. ड्रमच्या कडेला नमद्याच्या पट्ट्या असतात. त्या झिजल्या की गरम हवा कपड्यांमधून न जाता फटीतून निसटते. कपड्यांवर काळसर रेघा दिसू लागणे किंवा ड्रम खरडल्यासारखा आवाज येणे ही त्याची खूण.

हवा बाहेर सोडणाऱ्या प्रकारात नळीचे बारकावे अधिक. लवचीक, सुरकुत्यांच्या नळीपेक्षा गुळगुळीत धातूची नळी चांगली, कारण सुरकुत्यांत तंतू अडकतात. काटकोनातील प्रत्येक वळण सरळ नळीच्या दीड मीटर वाढीव लांबीएवढा अडथळा करते, म्हणून ड्रायर बाहेरच्या भिंतीलगत ठेवणे हा सर्वांत स्वस्त उपाय. तोंडावर डासांची जाळी बसवू नये. तिच्यावर काही आठवड्यांतच तंतूंचा जाड थर बसतो. त्याऐवजी हवेच्या दाबाने उघडणारी झडप लावावी. आपल्याकडे पावसाळी वारा पश्चिमेकडून मारतो, त्यामुळे नळीचे तोंड शक्यतो पूर्वेच्या भिंतीत काढावे, आणि गार हवेत नळीतच बाष्पाचे पाणी होत असल्यामुळे तिला बाहेरच्या बाजूला किंचित उतार द्यावा. कौलारू घरात ही हवा माळ्यावर कधीही सोडू नये. वासे आणि रिपा एका पावसाळ्यात बुरशीने काळ्या पडतील.

सेन्सर, आणि कपडे कधी काढावेत

स्वस्त ड्रायर फक्त घड्याळावर चालतात. चांगल्या ड्रायरमध्ये ड्रमच्या तोंडाशी धातूच्या दोन पट्ट्या असतात; ओला कपडा त्यांना एकाच वेळी टेकला की त्यातून सूक्ष्म वीज वाहते, आणि ती वाहणे कमी झाले की कपडे वाळले असे यंत्र धरते. ही युक्ती पाण्यातील क्षारांवर अवलंबून असते. बोअरच्या जड पाण्याने पट्ट्यांवर पांढरट थर चढला, की वीज वाहत नाही आणि कपडे ओले असतानाच यंत्र थांबते. व्हिनेगरमध्ये भिजवलेल्या फडक्याने पट्ट्या पुसल्या की दोष जातो. उलट, अगदी मऊ पाण्यानेही तोच परिणाम होतो, कारण क्षार कमी म्हणजे विजेला वाट कमी. अशा ठिकाणी यंत्राच्या सेटिंगमध्ये कोरडेपणाची पातळी एक पायरी वर करावी. दोन-तीनच कपडे टाकले तर ते पट्ट्यांना क्वचित टेकतात, म्हणून फार थोडे कपडे टाकणेही टाळावे; पातळ आणि जाड कपडे वेगवेगळे लावावेत, नाहीतर शर्ट करपून जातात आणि जीन्सच्या शिवणी ओल्याच राहतात.

शेवटचा ओलावा काढायला सर्वांत जास्त वीज जाते, आणि पावसाळ्यात ती पुष्कळदा फुकटच जाते. आपण कोरडा म्हणतो त्या सुती कापडात 65 टक्के आर्द्रतेच्या हवेत सात-आठ टक्के पाणी असतेच, आणि दमट हवेत त्याहून बरेच जास्त. त्यापेक्षा कोरडे केलेले कपडे कपाटात ठेवल्यावर हवेतील ओलावा पुन्हा ओढून घेतात. म्हणून कपडे हाताला गार लागेनासे झाले की काढावेत, आणि गरम असताना घडी न घालता पंख्याखाली दहा-पंधरा मिनिटे पसरून मग कपाटात ठेवावेत.

वीज आणि आगीची काळजी

हीटरचा ड्रायर दोन ते अडीच हजार वॅट घेतो. त्याला स्वतंत्र 16 अँपिअरचा सॉकेट आणि नीट अर्थिंग हवे. एक्स्टेंशन बोर्डवर किंवा घरातील इन्व्हर्टरवर तो लावू नये. व्होल्टेज 230 वरून 200 वर आले, तर हीटरची उष्णता जवळजवळ चौथ्या हिश्श्याने घटते, त्यामुळे संध्याकाळी व्होल्टेज पडणाऱ्या भागात ड्रायर दुपारी चालवणे शहाणपणाचे.

उद्यमबागसारख्या औद्योगिक वसाहतीतून घरी येणाऱ्या कपड्यांवर यंत्राचे तेल आणि ग्रीस असते. धुतल्यावरही तेलाचा अंश सुतात राहतो. तेल लागलेले सुती कपडे तापवून ढीग करून ठेवले, तर तेलाची हवेशी क्रिया होऊन आतली उष्णता वाढत जाते आणि ते आपोआप पेट घेऊ शकतात. खाद्यतेलाने माखलेली स्वयंपाकघरातील फडकी आणि अंगाला तेल लावल्यावर वापरलेले टॉवेल यांना तर हा धोका यंत्राच्या तेलापेक्षाही अधिक असतो. असे कपडे ड्रायरमध्ये न घालता दोरीवरच वाळवावेत, पेट्रोल किंवा रॉकेल लागलेले तर कधीच घालू नयेत. बहुतेक ड्रायर शेवटची काही मिनिटे हीटर बंद ठेवून कपडे गार करतात. ती मिनिटे वाचवण्यासाठी यंत्र मध्येच बंद करू नये. वादळी पावसात वीज गेली, तर ही गार करण्याची पायरी आपोआप चुकते. तेव्हा यंत्राचा प्लग काढावा, दार उघडावे आणि गरम कपडे लगेच बाहेर काढून मोकळे पसरावेत. वीज परत आली म्हणून ते तसेच आत सोडून चक्र पुढे चालू करू नये, आधी फिल्टर पाहून, कपडे झटकून, उरलेल्या ओलाव्यापुरता नवा, छोटा कार्यक्रम लावावा.